साडेनऊ फुटांवरून पिक्चर पाहायचा तर ४के लागतोच का?

प्रतापनगरकर | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी टीव्ही घ्यायचाय. गुडघ्यांमुळे त्यांचं थिएटरला जाणं बंद झालं आणि पिक्चर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तरुणपणी इथे नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) पंचशील टॉकीजला नवा पिक्चर लागला की पहिल्या आठवड्यातच पाहून यायचे. आता दुपारी जेवण झालं की कूलर लावायचा, दिवाणावर लोडाला टेकायचं आणि चहाच्या वेळेपर्यंत एक पिक्चर संपवायचा, असा त्यांचा नेम आहे.

घरात ३२ इंची टीव्ही आहे, २०१४ साली घेतलेला. खोक्यावर 'एचडी रेडी' असं लिहिलेलं होतं. सेट टॉप बॉक्स एचडीचा आहे, एचडी चॅनलांचे पैसेही दर महिन्याला भरतो. तरी चित्र धुकट दिसतं. लाल रंग तर कडेने सांडल्यासारखा वाटतो, नटीच्या कपाळावरचं कुंकू पार भुवईपर्यंत पसरलेलं दिसतं. बाबांना वाटलं डोळेच गेले. तपासून आणले. मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच झालंय आणि चष्म्यासह नजर ६/६ आहे.

शनिवारी बर्डीवर दोन दुकानं फिरलो. दोन्हीकडे ४३ इंची ४के टीव्हीसमोर नेऊन उभं केलं. पडद्यावर समुद्रातले मासे, हातभर अंतरावरून खवले मोजून घ्यावेत इतके स्वच्छ. शेजारी त्याच मापाचा फुल एचडी, आणि त्यावर साधं बातम्यांचं चॅनल! मी विचारलं की आमचा दिवाण टीव्हीपासून साडेनऊ फुटांवर आहे, तिथून हा फरक दिसेल का? उत्तर आलं, "सर, ४के म्हणजे ४के. अंतराचा काय संबंध?"

अंतराचा संबंध असणारच असं मन म्हणतंय, पण हिशेब मांडता येत नाही. बाबांच्या पेन्शनचे पैसे आहेत, ते नुसत्या आकड्यावर घालवायचे नाहीत. जाणकारांनी कृपया सांगावं.

सदरचा सिनेमावेडा | रविवार, रात्री ९:३१

डोळे मिटून ४के घ्या. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, साधारण २०.७ लाख पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके. ४के म्हणजे ३८४० × २१६०, जवळजवळ ८३ लाख. चौपट. शिवाय आता मोठ्या मापात फुल एचडी फारसे मिळतच नाहीत. जी चांगली पॅनलं येतात, चांगला प्रोसेसर येतो, एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला) येतं, ते सगळं ४के संचांतच. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, त्यामुळे मोठा संच पूर्वीइतका जड जात नाही. टीव्ही काही दर वर्षी घ्यायची वस्तू नाही, पुढचा विचार करून घ्या.

चष्मेवाला | रविवार, रात्री ९:५८

मी नजर तपासण्याचं काम करतो, तेव्हा डोळ्याच्या बाजूने लिहितो.

६/६ म्हणजे काय, तर तक्त्यावरची ठरावीक ओळ ६ मीटरवरून वाचता येणं. त्या ओळीतलं अक्षर साधारण पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं आणि त्याची एकेक रेघ पावणेदोन मिलिमीटर जाड. ६ मीटरवरून ती रेघ डोळ्याशी एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन करते. टीव्हीवरचा पिक्सेल याहून लहान कोन करू लागला की शेजारचे दोन पिक्सेल सुटे दिसत नाहीत, एकमेकांत मिसळून जातात. हे अंतर काढायला पिक्सेलच्या रुंदीला ३४४० ने गुणायचं, बस.

४३ इंची पडदा ९५ सेंटिमीटर रुंद असतो. फुल एचडीत तिथे आडवे १९२० पिक्सेल बसतात, म्हणजे एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा. गुणाकार केला की १.७ मीटर, साडेपाच फूट. त्याच्या मागे बसलात की फुल एचडीचेच पिक्सेल डोळ्याला सुटे करता येत नाहीत, ४केचे त्याहून बारीक पिक्सेल कुठून दिसणार? ४३ इंची ४केचा पुरेपूर फायदा हवा तर पावणेतीन फुटांवर बसावं लागेल. दुकानात तुम्ही नेमके तिथेच उभे होता.

साडेनऊ फुटांवरून फुल एचडी कमी पडायला पडदा ७३ इंचांचा हवा. बाबांच्या डोळ्यांना दोष देऊ नका, त्यांची नजर चांगली आहे. हा भूमितीचा प्रश्न आहे.

इतवारीवाले काका | रविवार, रात्री १०:२४

भाऊ, टीव्ही घ्या नाहीतर नका घेऊ, पण पहिले मले एक सांगा. डब्ब्यातून टीव्हीत वायर कोणती गेली आहे?

तुम्ही लिहिलं ना, लाल रंग सांडते म्हणून, तिथंच मले शंका आली. पॅनल खराब असन तर लाल एकटाच काऊन सांडन? पुरं चित्रच बिघडन. लाल पसरते म्हणजे ते पिवळ्या वायरचं काम आहे. मी सन १९८८ पासून टीव्ही दुरुस्त करून राहिलो, हे दुखणं लांबूनच ओळखू येते.

डब्ब्याच्या मागं पाहा. लाल, पांढरी, पिवळी अशी तीन पिनांची वायर असन तर तुमचं एचडी डब्ब्यातच अडकून राहिलं. ते वायर पिक्चर ट्यूबच्या जमान्यातलं आहे. त्याच्यातून ५७६ ओळींच्या वर चित्र जातच नाही. वरून उजेड अन् रंग एकाच तारेत कोंबलेले असते, रंगाच्या वाट्याले जागा कमी येते, म्हणून तो कडेनं पसरते. सगळ्यात जास्त लाल. एचडी पाहिजेन तर चपट्या तोंडाची एचडीएमआय वायर लागते. टीव्हीच्या रिमोटवर इन्फोचं बटन दाबा, काय येऊन राहिलं ते टीव्ही स्वतःच लिहून दाखवते.

३१ मार्च २०१३ ही नागपुरात केबलले डब्बा लावायची मुदत होती. त्या टायमाले लोकायनं नवे चपटे टीव्ही घेतले अन् मले बोलावून म्हणे, काका, जुना फुगीर टीव्ही याच्यापेक्षा चांगला होता. खरंच होता! ट्यूबवर कमी ओळींचं चित्र मऊ दिसते, चपट्या पॅनलवर तेच चित्र ताणून मोठं केलं की त्याचे सगळे दोष उघडे पडते. अर्ध्या घरांत मी फक्त वायर बदलून आलो.

प्रतापनगरकर | रविवार, रात्री ११:०६

काका, तुमच्या पाया पडावंसं वाटतंय.

इन्फो दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात '५७६आय'. बॉक्स ओढून मागे बॅटरी मारली, तर तीच लाल-पांढरी-पिवळी. बॉक्स बसवायला आलेल्या मुलाने तीच लावून दिली होती आणि आम्ही कुणी पाहिलंच नाही. एचडीएमआय केबल कपाटातल्या खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारेचा पिळही न सोडलेली सापडली. आठ वर्षं ती तिथे पडून आहे. आठ वर्षं एचडीचे पैसे भरलेत.

आता लावली. लावूनही '५७६पी' दाखवत होतं (आकडा ओळींचा; आय म्हणजे ओळी एकाआड एक येतात, पी म्हणजे सगळ्या एकदम). बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओ आउटपुट १०८०आय केलं, तेव्हा कुठे इन्फोत '१०८०आय' आलं.

आई झोपली होती, बाबा जागे होते. एक जुना मराठी पिक्चर चालू होता, त्यांनी कितीदा पाहिला असेल त्याचा हिशेब नाही. ओसरीवरचा सीन. बाबा उठून पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, "अरे, हिच्या लुगड्याला काठ आहे! रुईफुलाचा आहे!" परत येऊन बसले आणि दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

विदर्भकन्या | सोमवार, सकाळी ७:४५

वाचून डोळ्यांत पाणी आलं. काका, मी पण आमच्या घरी पाहिलं, आमची वायर बरोबर आहे पण बॉक्सचं सेटिंग ५७६ वरच होतं. बदललं.

एक राहून जातंय असं वाटतं. आम्ही मनीषनगरला राहतो, हॉलची बाल्कनी पश्चिमेला. मे महिन्यात दुपारी तीन ते सहा पडद्यावर आमची बाल्कनी, वाळत घातलेले कपडे आणि आम्हीच दिसतो. दिवसाचा पिक्चर पाहायचा तर रेझोल्यूशनच्या, म्हणजे पिक्सेल किती याच्या, आधी उजेडाचा प्रश्न येतो. आमच्या टीव्हीची काच चकचकीत आहे. नणंदेकडे अर्धवट मॅट पडदा आहे, तिच्याकडे याच उजेडात अंधारे सीन दिसतात. प्रतापनगरकरांचे बाबा दुपारी पाहतात, म्हणून लिहिलं. खिडकी टीव्हीच्या समोर येते का ते बघा.

कातरवेळ | सोमवार, सकाळी ११:२०

माझं काम चित्रपट संकलनाचं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिलं म्हणजे 'एचडी रेडी'. या नावाने विकले गेलेले बहुतेक ३२ इंची संच १३६६ × ७६८ चे आहेत. एचडीची चित्रं एकतर ७२० ओळींची असतात नाहीतर १०८० ओळींची. ७६८ यातल्या कशाशीच जुळत नाही. म्हणजे या पडद्यावर एचडीचं कुठलंही चित्र जसंच्या तसं उमटत नाही, प्रत्येक फ्रेम टीव्ही स्वतः ताणतो किंवा आवळतो. याउलट १०८० चं चित्र ४केवर अगदी सरळ बसतं, आडवे दुप्पट, उभे दुप्पट, एका पिक्सेलचे चार.

दुसरं, सिनेमाचा आकार. रुंद पडद्याचे बरेच सिनेमे २.३९ ला १ या प्रमाणात असतात, म्हणून वरखाली काळे पट्टे येतात. त्या पट्ट्यांमध्ये पिक्सेल खर्ची पडतात. फुल एचडीवर अशा सिनेमाला १०८० पैकी ८०० च्या आसपास ओळी मिळतात. १३६६ च्या पडद्यावर ५७१. जुन्या पद्धतीच्या टीव्हीचं पूर्ण चित्र ५७६ ओळींचं असायचं! म्हणजे बाबा रुंद पडद्याचा सिनेमा पाहतात तेव्हा त्यांच्या 'एचडी रेडी' पडद्यावर उभ्या दिशेने जुन्या टीव्हीएवढ्याच ओळी उरतात. इथे रेझोल्यूशनचा खरोखर फरक पडतो, आणि तो ७६८ कडून १०८० कडे जाताना सर्वांत जास्त जाणवतो. १०८० कडून २१६० कडे जाताना तेवढा नाही.

तिसरं, सिनेमा मुळात किती बारकाव्यानिशी तयार झालाय. डिजिटल काळातल्या कितीतरी सिनेमांचं अंतिम काम २के मध्ये, म्हणजे २०४८ पिक्सेल रुंदीत झालेलं आहे. नंतर ते ४के म्हणून आले तरी ते मोठे केलेले असतात. उलट जुना सिनेमा ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेला असतो. मूळ निगेटिव्ह जपलेली असेल तर तिच्यातून ४के एवढा तपशील निघतो. श्याम बेनेगल यांचा १९७६ चा 'मंथन' फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ४के मध्ये पुनरुज्जीवित केला आणि तो २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. त्यामुळे जुना सिनेमा म्हणजे धुकट सिनेमा, ही समजूत कृपया सोडा. धुकट असते ती कुठल्या तरी जुन्या टेपवरून काढलेली प्रत, आणि चॅनलवाले पुष्कळदा तीच लावतात. अशा प्रतीला एचडी चॅनलवर टाकून काही होत नाही, ८के टीव्हीवर टाकूनही होत नाही.

चष्मेवाल्यांचा हिशेब बरोबर आहे. फक्त सिनेमा पाहताना मी प्रश्न उलटा करते. एसएमपीटीई या सिनेमा-टीव्ही तंत्रज्ञांच्या संस्थेची शिफारस अशी, की पडद्याने डोळ्याशी निदान ३० अंशांचा कोन करावा. साडेनऊ फुटांवरून त्याला ७० इंची टीव्ही लागतो. ३२ इंची पडदा तिथून जेमतेम १४ अंशांचा होतो. थिएटरमध्ये ज्या माणसाने आयुष्य काढलं त्याला १४ अंशांत सिनेमा भेटणार कसा? दिवाण पुढे घ्या, पडदा मोठा घ्या, किंवा दोन्ही करा. रेझोल्यूशन किती लागेल ते त्यानंतर आपोआप कळतं.

सदरचा सिनेमावेडा | सोमवार, दुपारी १:०५

चष्मेवाले, साठाव्या अंशाचा हिशेब मला मान्य नाही असं नाही, पण मी स्वतः आठ फुटांवरून ५० इंची फुल एचडीवर तिरप्या रेघांच्या पायऱ्या पाहिल्या आहेत. तुमच्या गणिताने त्या साडेसहा फुटांच्या पुढे दिसायला नकोत. मग मला काय दिसलं?

चष्मेवाला | सोमवार, दुपारी १:४०

चांगला मुद्दा काढलात, आणि तुम्हाला दिसलं ते खरंच दिसलं.

दोन ठिपके सुटे ओळखणं हे डोळ्याचं एक काम. एक रेघ मध्येच किंचित सरकली आहे हे ओळखणं हे दुसरं काम, आणि त्यात डोळा कितीतरी पट तीक्ष्ण असतो. व्हर्नियर कॅलिपरची मापं आपण याच बळावर वाचतो. म्हणून तिरपी रेघ, अक्षरांची वळणं, विजेच्या तारा यांच्यातल्या पायऱ्या माझ्या हिशेबापेक्षा लांबूनही जाणवू शकतात. माझा आकडा ही पाटीवर ओढलेली रेघ समजू नका, तिथून पुढे फायदा झपाट्याने कमी होत जातो एवढंच समजा.

फक्त एक पडताळून पाहा. शार्पनेस किती ठेवलाय? तो वाढवला की टीव्ही प्रत्येक कडेला पांढरी किनार काढतो आणि पायऱ्या आणखी उठून दिसतात.

सदरचा सिनेमावेडा | सोमवार, रात्री ८:१५

शार्पनेस ६५ वर होता. शून्यावर आणला. पायऱ्या बऱ्याच कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत. पहिली दहा मिनिटं चित्र मवाळ वाटलं, नंतर चेहऱ्यांची कातडी कातडीसारखी दिसायला लागली. धन्यवाद.

जाता जाता ऑनलाइन पाहणाऱ्यांसाठी. प्लॅन कोणता आहे ते तपासा, नेटफ्लिक्सवर ४के फक्त सर्वांत वरच्या प्लॅनमध्ये मिळतं आणि त्यासाठी ते १५ एमबीपीएसचा वेग सुचवतात, १०८० साठी ५ चा. स्वस्तातला स्ट्रीमिंग बॉक्स घेतला आणि त्याला वाइडवाइनची (चोरून कॉपी होऊ नये म्हणून असलेल्या कुलपाची) वरची मान्यता नसेल, तर ४के टीव्हीवरही काही ॲप एसडीच, म्हणजे एचडीच्या खालचंच चित्र दाखवतात.

कातरवेळ | सोमवार, रात्री ८:५०

तेच ५ आणि १५ आकडे ब्लू-रे डिस्कशी ताडून पाहा. साध्या फुल एचडी ब्लू-रेवर चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते. पाऊस, धूळ, जत्रेतला उधळलेला गुलाल, अंधारातला कंदील, असं काही आलं की कमी बिटरेटचं, म्हणजे सेकंदाला कमी माहिती मिळणारं, चित्र चौकोन चौकोन होतं, मग पिक्सेल कितीही असोत. ब्लू-रेवरचा १०८० ऑनलाइनच्या ४केशी अनेकदा बरोबरी करतो, अंधाऱ्या सीनमध्ये तर सरस ठरतो. हे मी घरी दोन्ही लावून पाहिलंय.

प्रतापनगरकर, एक प्रयोग सुचवते. लॅपटॉपवर टीव्हीच्या मूळ रेझोल्यूशनएवढं चित्र बनवा. एक ओळ काळी, एक पांढरी, पुन्हा काळी, शेवटपर्यंत. एचडीएमआयने टीव्हीला जोडा. पिक्सेलला पिक्सेल जुळला तर लांबून सगळा पडदा एकसारखा राखाडी दिसेल. जुळला नाही तर जाड पट्टे लाटांसारखे उमटतील. पट्टे आले तर पिक्चर साइजमध्ये 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' असलं काही असतं ते लावा. बरेच टीव्ही पहिल्या दिवसापासून चित्र थोडं फुगवून कडा कापत असतात.

प्रतापनगरकर | शनिवार, रात्री १०:३०

आठवडाभर लिहिलं नाही, कारण करून पाहत होतो.

आधी घरच्या टीव्हीवर ओळींचा प्रयोग. लॅपटॉप १३६६ × ७६८ वर ठेवला. पडदाभर पट्टे, उन्हात डांबरी रस्ता हलतो तसे. पिक्चर साइज '१६:९' वरून 'जस्ट स्कॅन' केलं आणि क्षणात सगळं राखाडी, सपाट. पडद्याला नाक लावलं तेव्हा एकेक ओळ सुटी दिसली. बॉक्स पुन्हा जोडला तर चॅनलच्या लोगोचा कापला जाणारा कोपराही आत आला.

आज बाबांना रिक्षाने बर्डीवर नेलं. मागचीच दोन दुकानं नको म्हणून तिसऱ्यात गेलो. खिशात मेजटेप, पेनड्राइव्हवर आमच्या पसंतीचे दोन सीन. तिथल्या मुलाने फार सहकार्य केलं, त्याला स्वतःलाच उत्सुकता वाटत होती. ४३ इंची फुल एचडी आणि ४३ इंची ४के शेजारी शेजारी. दोन्हींचा दुकानातला भडक मोड काढला, सिनेमा मोड लावला, शार्पनेस शून्य, हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद. स्टूल साडेनऊ फुटांवर. कोणता कोणता ते बाबांना सांगितलं नाही.

दिवसाचा सीन, बैलगाडी, शेत, माणसं. बाबा म्हणाले, सारखंच. स्टूल सहा फुटांवर आणलं. श्रेयनामावलीतली बारीक अक्षरं आली तेव्हा म्हणाले, डावीकडची जरा कोरीव आहेत. डावीकडे ४के होता. चार फुटांवर तर ते लगेच बोट दाखवून मोकळे झाले. चष्मेवाल्यांचं गणित डोळ्यांदेखत खरं ठरलं.

मग रात्रीचा सीन लावला, पुन्हा साडेनऊ फुटांवरून. विहिरीच्या काठी एक बाई उभी आहे, मागे झाड. बाबा ताडकन म्हणाले, "उजवीकडच्यावर बाई दिसते. डावीकडे नुसतं राखेचं पाणी आहे." उजवीकडे फुल एचडी होता. चौपट पिक्सेल असलेल्या पडद्यावर काळा रंग काळा नव्हता, आणि त्यात ती बाई हरवली होती. त्यांना हे समजायला ना टेप लागली ना स्टूल.

कातरवेळताई, सदरवाले दादा, हा फरक कशाने पडतो?

सदरचा सिनेमावेडा | शनिवार, रात्री १०:५५

पॅनलने. एलसीडीत मुख्यतः दोन जाती, आयपीएस आणि व्हीए. आयपीएसमध्ये पांढरा आणि काळा यांचं प्रमाण साधारण हजारास एक, व्हीएमध्ये तीन हजारास एक किंवा त्याहून जास्त. अंधाऱ्या खोलीत हे चटकन कळतं. बाजूने पाहिलं तर मात्र व्हीएचे रंग फिके पडतात, आयपीएसचे टिकतात. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा म्हणजे खरोखर काळा, पण किंमत बरीच वर जाते. माझं मत मी इथे बदलतो. पॅनलची जात आधी पाहा. ४के मोठ्या मापात सोबत येतंच.

विदर्भकन्या | शनिवार, रात्री ११:१०

बाबा थेट समोर बसतात ना? मग व्हीए चालेल. आमच्याकडे जेवायला बसलेले सगळे बाजूने पाहतात, आम्हाला ते जमणार नाही.

प्रतापनगरकर | रविवार, संध्याकाळी ६:२०

ठरलं.

सकाळी वर्तमानपत्रं चिकटवून १२२ बाय ६८.५ सेंटिमीटरचा कागद केला, ५५ इंची पडद्याएवढा, आणि भिंतीवर लावला. बाबा दिवाणावर बसून कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. दिवाण पुढे घ्यायला आईची हरकत होती, कारण तुळशीकडे जायची वाट अडते. दोन फूट पुढे घेतला तर वाट राहते, हे तिने स्वतः चालून पाहिलं आणि हो म्हणाली. आता अंतर साडेसात फूट, कोन ३० अंश. चष्मेवाल्यांच्या हिशेबाने इथून ५५ इंचांना फुल एचडीही पुरलं असतं, सीमा सव्वासात फुटांच्या आसपास येते. पण या मापात आम्हाला दाखवले ते सगळे ४केच. म्हणून ४के घेतोय, व्हीए पॅनलचा, विहिरीचा सीन लावून पाहून निवडलेला. खिडकी टीव्हीच्या बाजूला आहे, समोर नाही, तरी जाड पडदा शिवायला टाकलाय.

बुधवारी संच येईल.

इतवारीवाले काका | रविवार, संध्याकाळी ७:०२

लय चांगलं केलं भाऊ. बसवायले पोट्टे येतीन तवा तुम्ही स्वतः उभे राहा, वायर कोणती लावून राहिले ते पाहा, अन् इन्फो दाबून आकडा वाचल्याबिगर त्यायले जाऊ देऊ नका. डब्ब्याचं १०८०आय राहू द्या, आपल्या इकडचे एचडी चॅनल बहुतेक त्याच्यातच येते.

अन् ते पिवळं वायर फेकू नका. घरी जुना डीव्हीडी प्लेअर असन, आईच्या लग्नाबिग्नाची सीडी असन, तर त्याले तेच लागते. ते चित्र मुळातच ५७६ ओळींच्या वरचं नाही, त्याचं त्याच्यात भागते. नव्या टीव्हीत तीन भोकं नसतीन तर एक बारीक गोल भोक असते, त्याचं जोडवायर खोक्यात येते किंवा बर्डीवर मिळते.

प्रतापनगरकर | बुधवार, रात्री ११:४८

काका, इन्फो वाचला. १०८०आय. मगच त्यांना सोडलं.

बाबांनी तोच ओसरीचा पिक्चर लावला. या वेळी उठून पडद्याजवळ गेले नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, मागच्या खुंटीला टोपी टांगलेली आहे. आता दीड तास झाला, आईही जागीच आहे. तिने मघाशी विचारलं की लग्नाची सीडी कुठे ठेवलीय, आणि मी पिवळी वायर शोधतोय.